नगरपालिकांचा देशपातळीवरचा आवाज: कॅनडात उभा राहिला, आपल्याकडे का नाही?

पार्लेकरीण

कॅनडातली २००० हून जास्त शहरं आणि गावं एकाच संघटनेची सभासद आहेत: 'फेडरेशन ऑफ कॅनेडियन म्युनिसिपालिटीज'. तिचा इतिहास वाचत होते. सुरुवातच 'रस्ता कोणाचा' या भांडणातून झालीय. तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

१८८० साली तिथल्या संसदेने बेल टेलिफोन कंपनीला सनद दिली. त्या जोरावर कंपनी वाटेल त्या शहरात खांब रोवायची, रस्ता उकरायची, आणि नगरपालिकेने हरकत घेतली की सनद पुढे करायची. एकेकट्या नगरपालिकेला राजधानी ओटावात कोण विचारतो? शेवटी १९०१ मध्ये टोरांटोचे महापौर ऑलिव्हर हाउलंड आणि वेस्टमाउंटचे नगराध्यक्ष विल्यम लाइटहॉल यांनी पुढाकार घेऊन 'युनियन ऑफ कॅनेडियन म्युनिसिपालिटीज' काढली. टोरांटो मोठं शहर, तर वेस्टमाउंट मॉन्ट्रियलला खेटून असलेलं छोटंसं गाव. लाइटहॉल पेशाने वकील आणि शिवाय कवी, कादंबरीकार.

पहिली लढाई ते हरले. १९०४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, टोरांटोविरुद्ध बेलच्या बाजूने निकाल दिला: सनद संसदेची आहे, शहराची परवानगी लागत नाही. पण तोवर संघटना उभी होती. १९०५ मध्ये टेलिफोनच्या प्रश्नावर संसदेची समिती बसली आणि १९०६ मध्ये कंपनीचे दर सरकारी मंडळाच्या देखरेखीखाली आले.

आता आपल्याकडे बघा. आमच्या गल्लीत पावसाळ्याआधी काँक्रीट झालं आणि दिवाळीच्या आत एका केबल कंपनीने मधोमध चर पाडला. बुजवला तो माती आणि सुटे पेव्हर ब्लॉक टाकून. आता रिक्षा गेली की ब्लॉक खडखडतात आणि शेजारच्या आजी त्या आवाजावरून ओळखतात कोण आलं ते. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, परवानगी 'वरून' आहे.

देशात चार हजारांच्या वर नागरी स्थानिक संस्था आहेत. त्या सगळ्यांच्या वतीने दिल्लीत ठामपणे बोलणारी, सरकारला जिचं ऐकावंच लागेल अशी संघटना कुठे आहे? माझं मत स्पष्ट आहे. हे काम मुंबईने करायला हवं होतं. महापालिकेचा १८८८ चा कायदा आपला, पैसा आपला, परंपरा आपली. तुम्हाला काय वाटतं?

दादर_जी_उत्तर

वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहितो.

चाळकरी

ताई, आमच्या गल्लीतला चर बघितलात तर राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय संघटना काढावी लागेल म्हणाल!

हिरवा_चाफा

@चाळकरी, ती केव्हाच निघालीय. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या घेंटला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच सुमारास जगभरच्या नगरपालिकांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना तिथे स्थापन झाली. पुढे २००४ मध्ये ती दुसऱ्या संघटनांत विलीन होऊन 'युनायटेड सिटीज अँड लोकल गव्हर्नमेंट्स' झाली. मुख्यालय बार्सिलोनात. तुमचा चर तिथपर्यंत न्यायला हरकत नाही.

चाळकरी

अरे वा. फोटो काढून ठेवतो.

निवृत्त_अधीक्षक

पार्लेकरीण ताई, धागा चांगला आहे, पण एक गोष्ट राहिली. मुंबईने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. १९२६ साली मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एक संस्था स्थापन झाली, तीच आजची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था. अंधेरी पश्चिमेला बर्फीवाला मार्गावर तिचं स्थानिकराज भवन आहे. तुमच्या पार्ल्याहून एक स्टेशन.

मी महापालिकेत लिपिक म्हणून लागलो आणि नोकरी सांभाळून तिथला एलएसजीडी, म्हणजे स्थानिक स्वराज्य पदविकेचा, अभ्यासक्रम केला. बढतीसाठी उपयोगी म्हणून बरेच जण यायचे. स्वच्छता निरीक्षकांचा अभ्यासक्रमही तिथलाच. माझ्या बाकावर एका छोट्या नगरपरिषदेचा कर निरीक्षक बसायचा. आपल्या गावच्या आकारणी नोंदवहीची पानं तो हाताने उतरवून आणायचा आणि मधल्या सुट्टीत मला विचारायचा, "तुमच्या मुंबईत भाडेमूल्य ठरवताना पागडीचं काय करता हो?" त्याच्या गावात कर विभागात तो एकटाच, विचारायला दुसरं कोणी नाही. मी त्याला आमच्या कर निर्धारण खात्यातली पद्धत सांगायचो, तो ती वहीत उतरवून घ्यायचा. देशभरच्या पालिकांची माणसं एका छताखाली आणण्याचं काम त्या संस्थेने पिढ्यान् पिढ्या केलंय आणि त्याबद्दल मला फार आदर आहे.

मात्र ती शिकवणारी, संशोधन करणारी संस्था आहे. सरकारशी भांडून पैसे आणि अधिकार मिळवणं हे वेगळं काम, आणि ते नगरसेवकांचं, महापौरांचं. अखिल भारतीय महापौर परिषद आहे, तिच्या बैठका होतात, ठराव होतात. परंतु आपल्या महापौराची मुदत अडीच वर्षं. ओळखी होईपर्यंत माणूस पदावरून उतरलेला असतो.

गिरगावची_वकीलबाई

काकांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यात भर घालते.

मुंबईच्या कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. नगरसेवकांच्या एकूण संख्येपैकी पाच-अष्टमांश मतांनी आयुक्त परत पाठवता येतो, पण ही तरतूद कपाटातल्या तलवारीसारखी पडून असते. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या सोबतच्या नगरसेवकांकडे देणारी पद्धत, करून बघितली आणि १९९९ मध्ये गुंडाळली. मग राष्ट्रीय संघटनेत शहराच्या वतीने बोलायचं कोणी? महापौर बोलला तर त्याच्या हातात तिजोरी नाही. आयुक्त बोलेल तर तो ज्यांच्याविरुद्ध मागणी करायची त्यांचाच अधिकारी.

टेलिफोनच्या बाबतीत मात्र आपला जुना कायदा कॅनडापेक्षा बरा होता. १८८५ च्या तार कायद्यात स्थानिक संस्थेच्या मालमत्तेवर तारा टाकायच्या तर तिची परवानगी हवी, असं लिहिलेलं होतं. म्हणजे लाइटहॉल ज्यासाठी झगडले ते आपल्याकडे कागदावर आधीपासून होतं. पुढे २०१६ चे मार्गाधिकाराचे, म्हणजे तारा टाकायला जागा वापरायच्या हक्काचे, नियम आले, मग २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे नियम. शुल्क किती घ्यायचं, किती दिवसांत परवानगी द्यायची, हे सगळं दिल्लीतून ठरायला लागलं. ते नियम ठरत असताना चार हजार पालिकांचं म्हणणं एकत्र मांडणारं कोणी समोर बसायला हवं होतं. खरी उणीव ती आहे.

मुलुंड_फास्ट

हे सगळं ठीक, पण 'स्थानिक शासन' हा राज्यसूचीतला विषय आहे. दिल्लीत संघटना काढून करायचं काय? मंत्रालयात भांडा, तिथे उपयोग आहे.

टोरांटोहून_शमा

@मुलुंड_फास्ट, कॅनडातही नेमकं असंच आहे! १८६७ च्या तिथल्या घटनेत नगरपालिका हा प्रांतांचा विषय. केंद्र सरकारला त्यांच्याशी थेट देणंघेणं नाही. तरीही राष्ट्रीय संघटना उभी राहिली, टिकली आणि तिने केंद्राकडून पैसा आणला. त्यामुळे हे कारण मला पटत नाही.

मधला टप्पा पार्लेकरीण यांनी लिहिला नाही, तो सांगते, कारण खरी ताकद तिथे आली. १९३० च्या मंदीत बेकारांना मदत द्यायचा मोठा बोजा नगरपालिकांवर पडला. उत्पन्न मालमत्ता कराचं, आणि लोकांना घराचा कर भरणं जमेना. शहरं कर्जात बुडाली. १९३५ मध्ये महापौरांची परिषद भरली आणि १९३७ मध्ये ती जुन्या युनियनशी जोडली जाऊन एक संघटना झाली. आजचं नाव १९७६ पासूनचं. अमेरिकेतही तीच कथा: डेट्रॉइटचे महापौर फ्रँक मर्फी यांनी १९३२ मध्ये मोठ्या शहरांच्या महापौरांना बोलावलं आणि त्यातून तिथली महापौर परिषद जन्मली. पुढे न्यूयॉर्कचे ला ग्वार्डिया कितीतरी वर्षं तिचे अध्यक्ष होते.

अलीकडचं म्हणाल तर २००५ पासून केंद्राच्या इंधन कराचा वाटा इथल्या पालिकांना मिळायला लागला. माझ्या भागातला बसडेपो आणि पाण्याच्या लाइनी अशाच निधीतून सुधारल्या. पालिकेच्या फलकावर तसं लिहिलेलं असतं.

मुलुंड_फास्ट

घटनेचं माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझी शंका राहतेच. आपल्याकडे पक्ष आड येतात. दिल्लीत एक, राज्यात दुसरा, पालिकेत तिसरा. संघटनेच्या बैठकीत महापौर आधी वरच्या नेत्याला फोन लावेल.

माजी_नगरसेवक_तळकोकण

मी एका छोट्या नगरपरिषदेत निवडून आलो होतो. मुंबईकरांनी वाईट वाटून घेऊ नये, पण मनातलं लिहितो.

तुम्ही म्हणता मुंबईने पुढाकार घ्यायला हवा होता. कोणासाठी? आमची जकात १९९९ सालीच गेली. नाक्यावरचं रोजचं उत्पन्न बंद झालं आणि सरकारचं सहाय्यक अनुदान आलं. ते कधी येणार, किती येणार, यावर कर्मचाऱ्यांचा पगार. दिवाळीच्या तोंडावर सफाई कामगार नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर बसलेले मी पाहिलेत. आतून नगराध्यक्ष जिल्हा मुख्यालयाला फोन करतायत आणि पलीकडून एकच उत्तर: 'प्रक्रियेत आहे'. तेव्हा मुंबईची जकात चालू होती आणि मुंबई आमच्यासाठी एक शब्द बोलली नाही. नंतर इतर महापालिकांची जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही गेला. तेव्हाही प्रत्येकजण आपापलं रडगाणं घेऊन मंत्रालयात. शेवटी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचीही जकात गेली. तुम्हाला निदान भरपाईचा कायदा मिळाला, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. आम्हाला असा कायदा मिळाला नव्हता.

एकेक जण सुटा पडला, म्हणून एकेकाची जकात गेली. माझ्या मते धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोठ्यांना लहानांची गरज वाटली नाही आणि लहानांची मोठ्यांकडे जायची छाती झाली नाही.

पार्लेकरीण

दादा, हे वाचून खरंच गप्प झाले. जकातीकडे मी कधीच या क्रमाने पाहिलं नव्हतं: १९९९, मग एलबीटी, मग २०१७.

दादर_जी_उत्तर

लिहायला आलो आणि सगळं दादांनी लिहून टाकलेलं! +१००

तरी मुंबईची बाजू थोडी मांडतो. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. तो आकडा सगळे फेकतात आणि मुंबईला पैशाची काय कमी म्हणतात. पण या शहरात महापालिका एकटी नाही. महानगर प्रदेशाचा विकास बघणारी एमएमआरडीए आहे, घरबांधणीचं म्हाडा आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे, रेल्वे, बंदर, विमानतळ. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग पालिकेकडे आले ते २०२२ मध्ये. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ कामं लिहिली, आणि त्यातलं पहिलंच काम नगर नियोजन. मुंबईत किती जमिनीचं नियोजन महापालिकेबाहेरचे लोक करतात ते नकाशा काढून बघा. या बाबतीत मुंबई आणि तळकोकणातली नगरपरिषद एकाच नावेत आहेत.

अवांतर: महापालिकेच्या मुख्यालयासमोरून रोज जातो. वास्तुविशारद स्टीव्हन्सची इमारत, १८९३ मध्ये पूर्ण झालेली, आणि समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. १८७१ पासून हा माणूस करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींसाठी बोलत होता. त्याच पुतळ्यामागच्या सभागृहात मार्च २०२२ पासून २०२६ उजाडेपर्यंत एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. मला त्याचं फार दुःख होतं. त्या काळात राष्ट्रीय संघटना असती तर निदान कोणीतरी दर महिन्याला विचारलं असतं, मुंबईची निवडणूक कुठे आहे?

केळीचं_पान

इमारतीचा विषय निघालाच आहे तर, आता ती आतून पाहता येते, वारसा फेरी असते. मुलांना जरूर दाखवा. सभागृहाचं छत बघत मान दुखते पण वर बघणं थांबत नाही.

चाळकरी

घेऊन जातो. चराचा फोटो पण तिथेच देतो कोणाला तरी.

गिरगावची_वकीलबाई

माजी नगरसेवक दादांचं दुखणं खरं आहे, पण एकाच्या लढ्याने सगळ्यांचा फायदा झाल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे आणि ते माहीत असायला हवं.

राज्यघटनेच्या कलम २८५ मुळे केंद्र सरकारच्या मालमत्तांवर मालमत्ता कर लावता येत नाही. रेल्वे, टपाल, संरक्षण, सगळं आलं त्यात. या प्रश्नावर राजकोट महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २००९ मध्ये तोडगा ठरला: कर नाही, पण सेवा शुल्क द्यायचं. केंद्राची मालमत्ता पालिकेच्या सगळ्या सेवा वापरत असेल तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही मोजक्याच सेवा वापरत असेल तर ५० टक्के, एकही सेवा वापरत नसेल तरी एक-तृतीयांश. फायदा देशातल्या प्रत्येक पालिकेला. खर्च आणि वर्षं मात्र गेली राजकोटची. कॅनडात असा खटला संघटना चालवते किंवा त्यात हस्तक्षेप करते.

आणि एक. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत स्थानिक शासनाच्या संघटनेला मान्यता आहे आणि संसदेच्या दुसऱ्या सभागृहात तिचे १० प्रतिनिधी बसू शकतात. मत देता येत नाही, बोलता येतं. आपल्याकडे विधान परिषदेत स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातल्या आमदारांच्या २२ जागा आहेत, त्या आमदारांना तर मतसुद्धा आहे. ते २२ जण पक्ष बाजूला ठेवून महिन्यातून एकदा जरी एकत्र बसले, तरी पहिली पायरी झाली.

मुलुंड_फास्ट

वकीलबाई, ते २२ जण एकत्र बसतील यावर माझा विश्वास नाही. पण राजकोटचं उदाहरण आवडलं.

निवृत्त_अधीक्षक

दिल्लीतही प्रयत्न झालेले आहेत. १९५४ मध्ये केंद्रीय स्थानिक स्वराज्य परिषद नेमली गेली. घटनेच्या कलम २६३ खाली, चांगली भारदस्त. पण तिच्यात सभासद कोण, तर केंद्राचे मंत्री आणि राज्यांचे मंत्री. पालिकांबद्दल बोलायला पालिकाच नाहीत. मला वाटतं तिथेच गाडी रुळावरून घसरली.

दुसरं, वेस्टमाउंटच्या त्या लाइटहॉलबद्दल ताईंनी सांगितल्यावर मी शोधून वाचलं. नगराध्यक्षपद सुटल्यावरही संघटनेचा कारभार ते पाहत राहिले. हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बेल कंपनीचे वकील पिढ्यान् पिढ्या तेच, मग शहरांच्या बाजूनेही टिकून राहणारा माणूस हवा. आपल्याकडे अडीच वर्षांनी महापौर, तीन वर्षांनी आयुक्त, आणि फाईल मात्र तीच.

हिरवा_चाफा

नेदरलँड्समधली संघटना १९१२ ची. पालिका कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या वाटाघाटी तिने केलेल्या आहेत. अधीक्षक काकांना हे आवडेल.

निवृत्त_अधीक्षक

आवडलंच! वेतन आयोगाची थकबाकी मागायला आम्ही कुठे कुठे गेलो, तो स्वतंत्र धागा होईल.

सायन_सर्कल

उशिरा आलोय, पूर्ण धागा वाचला. मूळ प्रश्न होता आपल्याकडे का नाही. पार्लेकरीण आणि टोरांटोहून शमा यांनी लिहिलेल्या दोन्ही प्रसंगांत शहरांच्या गळ्याशी आलं तेव्हा ती एकत्र आली: १९०१ मध्ये रस्ता आणि १९३५ मध्ये कर्ज. आपल्याकडे जकात जाणं हा तसाच प्रसंग होता, पण दादांनी सांगितलं तसं तो सगळ्यांवर एकदम आला नाही, तुकड्या-तुकड्याने आला. आता मात्र जीएसटीनंतर स्वतःचा मोठा कर कोणाकडेच उरलेला नाही, मालमत्ता कर सोडला तर. मुंबईनेही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ केलाय. म्हणजे पहिल्यांदाच सगळे एकाच पातळीवर आलेत. केंद्राच्या कराची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या कामात पालिकांचा विचार घटनेनेच घातला आहे, ७४व्या दुरुस्तीने. आयोग राज्यात येतो तेव्हा स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनाही भेटतो. तिथे सगळ्या राज्यांतल्या पालिकांनी एकच निवेदन द्यायचं, एवढ्यापासूनही सुरुवात होऊ शकते.

पार्लेकरीण

सायन_सर्कल, हे पटलं. मी एक करू शकते. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेशी ओळख आहे. तिला विचारते, सभागृहात असा ठराव मांडता येईल का. अधीक्षक काका, त्याची पद्धत काय असते?

निवृत्त_अधीक्षक

'ठरावाची सूचना' द्यायची. मजकूर छोटा ठेवा, एकच मागणी: राज्यातल्या सर्व महापालिका आणि नगरपरिषदांची एकत्र बैठक मुंबई महापालिकेने बोलवावी आणि वित्त आयोगासमोर सामायिक निवेदन तयार करावं. सभागृहाने मंजूर केली की आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. अभिप्राय येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही, तारीख लिहून ठेवायची आणि चिटणीस खात्यात जाऊन विचारत राहायचं. पहिला मसुदा मी करून देतो. नगरपरिषदांची आकडेवारी मात्र माझ्याकडे नाही.

माजी_नगरसेवक_तळकोकण

ती मी देतो. आमच्या आणि शेजारच्या दोन नगरपरिषदांच्या सहाय्यक अनुदानाचे आकडे मुख्याधिकाऱ्यांकडून घेऊन सोमवारपर्यंत व्यनि करतो. मसुद्यात राजकोटचं सेवा शुल्क जरूर घाला. आमच्या हद्दीत केंद्र सरकारच्या इमारती आहेत आणि त्या शुल्काचं बिल आमच्या नगरपरिषदेने कधी पाठवलंय का, हे आधी मी उद्या जाऊन बघतो.